चांदवडच्या बसचे सत्तावीस टन

एक लिटर डिझेल जाळलं की पावणेतीन किलोला थोडा कमी कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे मला नोकरीच्या अठराव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी सातपूरच्या एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम करत होतो, म्हणजे कोणत्या मशीनवर कोणत्या दिवशी किती नग निघतील ते कागदावर मांडत होतो, आणि माझा आकडा सहसा चुकत नसे. घरीही मी तसाच. गॅसचा सिलेंडर लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहिणारा, स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं की डायरीत किलोमीटर टिपणारा. बायको म्हणायची, "एक दिवस तुम्ही माझे श्वास मोजाल."

श्वास नाही, पण धूर मोजायची वेळ आली. दोन हजारच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमच्या तांब्याच्या तारेच्या कॉइल विकत घेणाऱ्या एका परदेशी गिऱ्हाइकानं सगळ्या पुरवठादारांना एक फॉर्म पाठवला. कंपनीच्या कामानिमित्त होणाऱ्या प्रवासातून वर्षाला किती कार्बन निघतो त्याचा अंदाज द्या, आणि पुढच्या वर्षी तो वीस टक्क्यांनी कसा कमी करणार ते लिहा. मोठ्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या प्रमुखांनी, मला बोलावलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला मोजायची हौस आहे. मोजा."

मला खरंच आनंद झाला होता. त्या आनंदाचाही मला आज राग येतो.

फॉर्म ईमेलनं आला होता, बावीस पानांचा. त्यातली तक्ते असलेली सहा पानं मी छापली. बाकीच्या सोळा पानांत सूचना होत्या. कार्बन वाचवायचा तर कागद कशाला घालवायचा, असा मी विचार केला आणि त्या पडद्यावरच भराभर वर सरकवल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी तर ती विसरूच शकत नाही.

आमच्याकडे गेटवर एकच गाडी-रजिस्टर होतं. कंपनीची किंवा कंपनीनं भाड्यानं घेतलेली कोणतीही गाडी आत-बाहेर झाली की वॉचमन तिचे किलोमीटर लिहायचा. साहेब लोक प्रवासाचा जो कागद भरत, त्यात लिहिलेलं असे, नाशिक ते मुंबई विमानतळ, एकेरी, एकशे ऐंशी किलोमीटर. गेटवरचं रजिस्टर सांगे तीनशे साठ. कारण साहेबांना सोडून गाडी रिकामी परत येई. चार दिवसांनी आणायला पुन्हा रिकामी जाई आणि साहेबांना घेऊन येई. म्हणजे एका विमान-प्रवासामागे नाशिक-मुंबई रस्त्यावर चार फेऱ्या, त्यातल्या दोन नुसत्या ड्रायव्हरच्या. वर्षाला असे सत्तर प्रवास. मी कागदावर विश्वास न ठेवता रजिस्टरवर ठेवला. पन्नास हजार किलोमीटर, चार हजार दोनशे लिटर, अकरा टन. विमानांचे, फॉर्मसोबतच्या तक्त्यावरून, चोवीस टन. हे पस्तीस टन सात माणसांचे होते.

त्याच रजिस्टरमध्ये चांदवडची बस होती.

ही बस कंपनीनं भाड्यानं घेतलेली. ड्रायव्हर चांदवडचाच, त्यामुळे बस रात्री तिथेच मुक्कामाला असे. पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी निघे, आग्रा रोडवरच्या फाट्याफाट्यावर माणसं घेत पावणेसातला सातपुरात येई आणि पहिली पाळी सुटली की परत जाई. पंचाहत्तर किलोमीटर जायला, तेवढेच यायला. मी स्वतः आडगाव नाक्यावर हीच बस पकडायचो. शेचाळीस माणसं. वर्षाला दहा हजार लिटर डिझेल, सत्तावीस टन. बस भाड्याची, रजिस्टरमध्ये नोंद, माणसं कंपनीची. मी ती तक्त्यात घेतली. मोठा आकडा वर, लहान खाली, अशी मांडणी केली. बस पहिल्या नंबरावर आली.

बसमध्ये मी हे सगळं हौसेनं सांगत असे.

"एका लिटरचं वजन किलोभर नाय, अन् धूर पावणेतीन किलो?" ड्रायव्हरमामा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "भाऊसाहेब, तुमचा काटा तपासून घ्या."

"हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो मामा, त्याचं वजन."

"म्हंजे आपन हवा बी खातो," मागून कोणीतरी म्हणालं. "लिहा, तिचं बी लिहा."

सगळ्यात जास्त हसली ती कॉइल वाइंडिंगवरची, म्हणजे तार गुंडाळायच्या विभागातली, एक बाई. वडाळीभोईच्या फाट्यावरून चढायची, पाच वीसला. बारावी सायन्स झालेली, तिशीच्या आतली, दोन मुलांची आई. कारखान्यात कायम होऊन तिला वर्षच झालं होतं. तिच्या हातच्या कॉइल टेस्टिंगला परत येत नसत हे मला माझ्या कागदांवरून माहीत होतं. तिच्या सासऱ्यांनी नोकरीला परवानगी दिली होती ती एका अटीवर. कंपनीची गाडी फाट्यावरून नेणार आणि फाट्यावर आणून सोडणार. बस आहे तोवर नोकरी आहे, हे ती स्वतःच सांगायची, अगदी सहज, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना.

"भाऊसाहेब, मला पन सांगा ना, माझ्या वाट्याला किती धूर येतो?"

मी तिथल्या तिथे भागाकार केला. "सहाशे किलोच्या आत. वर्षाला."

"अगंबाई! अन् साहेबांच्या?"

"पाच टन."

"मंग साहेब माझ्यापेक्षा आठ-नऊ पट मोठेच हायेत की," ती म्हणाली, आणि आख्खी बस हसली. मीही हसलो.

मोठे साहेब मात्र तक्ता बघून गंभीर झाले. त्यांनी पहिल्या ओळीवर पेन ठेवलं. "बस सगळ्यात वर आहे."

"एकूण जास्त आहे साहेब. माणशी सगळ्यात कमी आहे. पुढचा रकाना बघा."

"माणशी कुठे विचारलंय त्यांनी? त्यांनी टोटल विचारलंय. बस बंद केली तर बासष्टपैकी सत्तावीस गेले. वीस टक्के मागतायत, आपण चाळीसच्या वर देऊ."

मला वाटलं ते गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते.

त्या आठवड्यात मी दुसरा तक्ता केला. बसमधल्या प्रत्येकाला विचारलं, बस बंद झाली तर कसे याल? शहरातले दहाजण सिटी बसनं येणार होते. बाहेरच्या छत्तीसपैकी बाराजण एकेकटे मोटरसायकलवर, बाकीचे दोघं दोघं मिळून. चोवीस मोटरसायकली, रोज सरासरी शंभर किलोमीटर, तेही आग्रा रोडवर, पहाटे, ट्रकांच्या मध्ये. पेट्रोलचा हिशोब तेहेतीस टनांवर गेला. म्हणजे सत्तावीस टन वाचवायला तेहेतीस टन जाळायचे. मला वाटलं, हा कागद दाखवला की विषय संपला. माझा आकड्यांवर इतका विश्वास होता.

साहेबांनी कागद वाचला. "हे तेहेतीस टन कुठून आणले?"

"बस गेली तरी लोक कामावर येणारच ना साहेब."

"त्यांच्या गाडीनं येतील. त्यांची गाडी, त्यांचं पेट्रोल, त्यांचा धूर. आपल्या फॉर्ममध्ये तो कुठे येतो?"

फॉर्ममध्ये तो खरोखरच येत नव्हता. धूर तोच, रस्ता तोच, माणसं तीच. फक्त कंपनीच्या नावावरून त्यांच्या नावावर गेला की तो कागदावरून नाहीसा होत होता. आजवर मी नगांचे आकडे मांडले, कधी एक नग इकडचा तिकडे केला नाही. आणि समोर एक माणूस तेहेतीस टन फुंकर मारून उडवून दाखवत होता.

"साहेब, विमानतळाच्या फेऱ्या बघा," मी म्हणालो. "निम्म्या रिकाम्या आहेत. जाताना नाशिकहून आणि येताना मुंबईहून एकेरी टॅक्सी केली तर त्या वाचतात. आणि एकाच दिवशी दोन साहेब दोन तासांच्या अंतरानं दोन गाड्यांनी गेलेत, असं वर्षात कितीदा तरी झालंय. दोघं एका गाडीत—"

"म्हणजे मी विमानतळावर दोन तास नुसता बसून राहू?"

हे वाक्य मला आजही शब्दशः आठवतं. त्यांचे दोन तास. पहाटे पाच वीसला फाट्यावर उभ्या राहणाऱ्या बाईचा दिवस त्या दोन तासांच्या समोर ठेवला होता आणि तो हलका भरला.

मग त्यांनीच तोडगा काढला. पूर्ण बंद नको, लोक बोंब मारतील. पिंपळगावपर्यंत ठेवू. "पिंपळगाव किती किलोमीटर?"

"चाळीस."

"मग किती वाचतात?"

मला तोंडी हिशोब येतो. पस्तीस गुणिले दोन गुणिले तीनशे. एकवीस हजार किलोमीटर, चार हजार सहाशे काही लिटर. "साडेबारा टन," मी म्हणालो. "वीस टक्के." माझ्या तोंडून ते निघूनही गेलं होतं. गप्प बसायचं सुचलं नाही, चुकीचं सांगायचं तर त्याहून नाही. साहेब खूश झाले. बरोबर वीस टक्के! 'तयार करणारा' या शब्दांपुढे मी सही केली आणि फॉर्म गेला.

एक जूनपासून बस पिंपळगावपर्यंतच धावू लागली, रात्रीचा मुक्कामही तिथेच. पलीकडच्या अकरा जणांचे वांधे झाले. पुरुषांनी मोटरसायकली काढल्या. ती एकटी बाई. सासऱ्यांना कसंबसं राजी करून तिनं काळी-पिवळी जीप धरली. जीप पहाटे भरल्याशिवाय हलत नसे. आठ माणसांच्या जागेत चौदा बसली की निघायची. पाच पन्नासला पिंपळगावहून सुटणारी बस तिला आठवड्यातून एकदा तरी चुकायची. मग एसटी, मग सिटी बस, मग गेटवर उशिराचा लाल शेरा. बसमध्ये आता ती डोळे मिटून बसायची. एकदा माझ्याशेजारी बसली तेव्हा विचारलं तिनं, "भाऊसाहेब, आता माझा धूर कमी झाला का?" त्यात टोमणा होता. तो मला लागावा असाच टाकला होता.

जूनच्या शेवटी मी फाइल लावायला बसलो. फाइल पूर्ण हवी म्हणून त्या सोळा सूचना-पानांची प्रत काढली आणि भोकं पाडण्याआधी सवयीनं वाचत गेलो. नवव्या पानावर एक ओळ होती. कर्मचाऱ्यांना घरून कामावर आणणारी वाहनं या फॉर्ममध्ये धरू नयेत, त्यांची माहिती पुढे वेगळी मागवली जाईल.

धरू नयेत.

मी ती ओळ चार वेळा वाचली. गिऱ्हाइकानं बस मागितलीच नव्हती. त्यांना साहेब लोकांचा प्रवास हवा होता, फक्त तोच. बस मी घातली होती. सगळं धरायचं, काही सुटता कामा नये या माझ्या खाक्यामुळे, आणि सोळा कागद वाचवले म्हणून. साहेबांना मी हत्यार दिलं होतं, धार लावून, मोठं वर आणि लहान खाली अशा क्रमानं.

घरी बायकोला सांगितलं. पोळी तव्यावर तशीच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "मग उद्या जाऊन सांगा की चुकलं म्हणून. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी मी नववं पान साहेबांपुढे ठेवलं.

"फॉर्म जाऊन दोन महिने झाले," ते म्हणाले. "आता काय कळवू त्यांना? आमच्या माणसाला वाचता येत नाही?"

"तसंच कळवा. मी सही करतो. बस पुन्हा चांदवडपर्यंत सोडा."

"आणि वीस टक्के कुठून आणू?"

"बस काढली की पस्तीस टन राहतात. त्याचे वीस टक्के सात. साडेपाच तर रिकाम्या फेऱ्यांतूनच निघतात. उरलेले दीड, दोन साहेब एका गाडीत बसले की निघतील."

त्यांनी पान माझ्याकडे परत सरकवलं. "चूक तुमची. निस्तरायला मी गाडी सोडू? तुम्ही तुमचं प्लॅनिंग बघा."

मी बाहेर आलो. मी त्या गिऱ्हाइकाला परस्पर ईमेल पाठवू शकलो असतो. पत्ता फॉर्मवरच होता. मजकूरही लिहिला, दोनदा वाचला, स्वल्पविराम सुधारले. मग मुलाची बारावी आठवली, घराचे राहिलेले हप्ते आठवले, आणि मी तो पुसून टाकला. साहेबांवर मी चिडतो ते ठीक आहे. पण तो मजकूर साहेबांनी पुसला नव्हता.

श्रावणात वाइंडिंगच्या बाईचे सासरे गेटवर आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत तिचं ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली. चार दिवसांपूर्वी जीप रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडली होती. तिच्या कपाळाला खोक पडली होती, एवढंच. पण सासऱ्यांनी निर्णय घेतला होता. वॉचमननं मला बोलावलं, कारण त्यांनी "भाऊसाहेबांना" विचारलं होतं.

"गाडी का बंद केली म्हनं?" म्हाताऱ्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"धूर कमी करायचा होता," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ऑफिसच्या पायऱ्यांसमोर मोठ्या साहेबांची गाडी उभी होती, काचा बंद, इंजिन चालू, आत ड्रायव्हर एकटा.

"मंग ती कवाधरनं कोनासाठी धूर सोडून ऱ्हायली?"

मी चालत गाडीपाशी गेलो आणि काच वाजवली. ड्रायव्हरनं ती खाली घेतली. "बंद कर."

"साहेबांना बसायच्या आधी गार लागते हो. दहा मिनिटं."

मी हात आत घातला आणि किल्ली फिरवली. आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीला असा हात लावलेला नव्हता. तेवढ्यात साहेब बॅग घेऊन उतरले. "एसी लावला नाहीस?"

"मी बंद केली," मी म्हणालो. "हे वाइंडिंगच्या बाईंचे सासरे. त्यांचं कार्ड परत करायला आलेत. बस का कमी केली विचारतायत. तुम्ही सांगा त्यांना."

साहेबांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मला फ्लाइट आहे," ते म्हणाले आणि गाडीत बसले. मुंबईला. एकटे.

"सूनबाईंना सांगा," मी म्हाताऱ्याला म्हणालो, "चूक माझी होती. एक पान मी छापलंच नाही."

"ते तुमी येऊन सांगा," ते म्हणाले. "घर फाट्याजवळच हाय."

मी गेलो. दोन रविवार टाळले आणि तिसऱ्याला एसटीनं गेलो. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. कपाळावरची जखम सुकत आली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, सोळा पानं, नववं पान, ती ओळ.

"पान छापलं नाय म्हनून?" शेवटी ती म्हणाली, आणि हसली. बसमधलं हसणं ते नव्हतं. "माझ्या हातून एक वेढा कमी पडला असता ना भाऊसाहेब, तर टेस्टिंगवाल्यानं आख्खा लॉट परत पाठवला असता. माझं नाव लिहून. तुमचा कागद कोन परत पाठवनार?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

"बसा. चहा टाकते," असं म्हणून ती आत गेली. सासरे रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.